आंद्रेआ मुलीचं नाव असू शकतं का?

आंद्रेआ या इटालियन नावाचा अर्थ पुरुष. नावांच्या याद्या छापणारे तो 'शूर', 'पराक्रमी' असा गोड करून सांगतात, आणि तेही अगदीच चूक नाही. पण मुळाशी शब्द आहे ग्रीकमधला 'अनेर', म्हणजे पुरुष किंवा नवरा. त्याची षष्ठी 'आंद्रोस', आणि त्यावरून 'आंद्रेइआ' म्हणजे मर्दपणा, धैर्य. आपल्या 'पौरुष' या शब्दात पुरुष आणि पराक्रम एकाच खोलीत राहतात, तसाच हा प्रकार.

इटलीत हे नाव शतकानुशतकं मुलग्यांनाच ठेवलं गेलं. वास्तुरचनाकार पाल्लादियो, चित्रकार मांतेन्या, जेनोव्हाचा आरमारप्रमुख दोरिया, अलीकडचे गायक बोचेल्ली आणि फुटबॉलपटू पिर्लो हे सगळे आंद्रेआ. पोर्तुगिजांनी गोव्यात शहर बांधण्यासाठी शेजारच्या दिवाडी बेटावरचं काळ्या दगडाच्या मूर्तींचं देऊळ पाडलं, हे आपल्या पत्रात लिहून ठेवणारा सोळाव्या शतकातला फ्लॉरेन्सचा प्रवासीही आंद्रेआच, आंद्रेआ कोर्साली. इटलीत आजही हे नाव मुलग्यांच्या आवडत्या नावांत मोडतं.

आणि तरी २० नोव्हेंबर २०१२ रोजी इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने, कोर्ते दी कास्सात्स्योनेने, २०३८५ क्रमांकाच्या निकालात सांगितलं की मुलीचं नाव आंद्रेआ ठेवायला हरकत नाही. निकाल योग्यच होता. पण तो अर्ध्या वाटेवर थांबला. ज्या नियमामुळे एका लहान मुलीचं नाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तो नियम तसाच राहिला. नाव लिंगाशी जुळलंच पाहिजे ही अट सरकारने नोंदणीच्या कायद्यातून काढून टाकावी. अट वाईट आहे असं नुसतं म्हणणं सोपं आहे. ती पाळताच येत नाही, हे आंद्रेआ या एकाच नावाच्या प्रवासातून दाखवता येतं.

गोंधळाचं मूळ शेवटच्या 'स'मध्ये आहे. ग्रीकमध्ये नाव होतं आंद्रेआस, लॅटिनमध्येही तेच. जर्मनने तो 'स' सांभाळला. तिथे पुरुष आंद्रेआस राहिला आणि 'स' नसलेलं आंद्रेआ बायकांसाठी मोकळं झालं. स्पॅनिशमध्ये आंद्रेस आणि आंद्रेआ, हंगेरियनमध्ये आंद्राश आणि आंद्रेआ. इटालियनने मात्र शब्दाच्या शेवटचा 'स' गाळला. लुकासचा लुका झाला, मात्तियासचा मात्तिया, एलियासचा एलिया, आयनेआसचा एनेआ, आणि आंद्रेआसचा आंद्रेआ. इटालियनमध्ये शेवटचा 'आ' सहसा स्त्रीलिंगाची खूण असतो: पाओलो आणि पाओला, फ्रांचेस्को आणि फ्रांचेस्का. म्हणजे अर्थाने पुरुषातला पुरुष असलेलं हे नाव रूपाने बायकांच्या रांगेत उभं राहिलं. 'आंद्रेओ' असं काही रूप इटालियनने घडवलं नाही. मुलींसाठी 'आंद्रेइना' घडलं, पण ते म्हणजे बापाच्या नावाला शेपूट लावून केलेलं नाव. ते सगळ्यांनाच आवडेल असं नाही.

मराठी माणसाला हे समजायला परदेशी जायची गरज नाही. संस्कृतात 'चन्द्रमाः' पुल्लिंगी. शेवटचा विसर्ग गळला आणि आपल्या हाती 'चंद्रमा' आला. शेवटी 'आ' असूनही तो चंद्रमाच, ती चंद्रमा नव्हे. 'शशिन्' या पुल्लिंगी शब्दाचं प्रथमेचं रूप 'शशी' आपण घेतलं. शेवटी 'ई' आली, आणि आज शशी काकाही असतो आणि शशी मावशीही. कृष्णा नावाचा मुलगा आपल्याला खटकत नाही, कृष्णा नावाची नदी तर मुळीच नाही. सूर्याचा किरण व्याकरणात पुल्लिंगी असला तरी किरण नावाच्या बायका घरोघरी आहेत. शब्दाचं व्युत्पत्तीतलं लिंग, व्याकरणातलं लिंग आणि तो शब्द ज्याचं नाव झाला त्या माणसाचं लिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषा त्या कधीच एका दोरीत बांधत नाही. कायदा बांधायला गेला, आणि तिथे तो अडकला.

वापरणाऱ्याला याचा त्रास होत नाही, कारण वाक्य लगेच खुलासा करतं. आपण 'किरण आला' किंवा 'किरण आली' म्हणतो. इटालियन माणूस 'आंद्रेआ ए आर्रिवातो' किंवा 'आंद्रेआ ए आर्रिवाता' म्हणतो. क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावरच लिंग कळतं. फ्रेंचमध्ये तर आंद्रे या नावाचं पुरुषाचं आणि बाईचं रूप कागदावर वेगळं लिहितात, पण कानाला दोन्ही अगदी सारखी ऐकू येतात. त्यापायी फ्रान्सचा कारभार ठप्प झाल्याचं ऐकिवात नाही.

आता ज्याच्यामुळे हे नाव युरोपभर पसरलं त्या प्रेषिताकडे पाहा. येशूच्या बारा शिष्यांपैकी आंद्रेआ हा गालील समुद्रावरचा कोळी. त्याचा सख्खा भाऊ सिमोन, पुढे पेत्र झाला तो. एकाच यहुदी घरात एका मुलाचं नाव हिब्रू आणि दुसऱ्याचं ग्रीक. त्या काळच्या गालीलमध्ये ग्रीक ही बाजारपेठेची आणि राज्यकारभाराची भाषा होती, आणि आईबापांनी बाहेरून आलेलं नाव बिनदिक्कत उचललं. पुढे चौथ्या धर्मयुद्धानंतर, १२०८ साली, त्याचे म्हणून पूजले जाणारे अवशेष कॉन्स्टँटिनोपलहून आमाल्फीला आले आणि दक्षिण इटलीत त्याचा मान आणखी वाढला. ३० नोव्हेंबर हा त्याचा सण, म्हणून इटलीतल्या प्रत्येक आंद्रेआचा तो नामदिन. आपल्याकडेही हाच संत वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये आहे, आणि गोव्यात तर त्याच्या नावाचा सांत आंद्रे मतदारसंघच आहे. म्हणजे जे नाव आज 'अस्सल इटालियन पुरुषाचं नाव' म्हणून राखायची भाषा होते, ते जन्मतःच एका परक्या भाषेतून उसनं घेतलेलं होतं.

इटलीचा सध्याचा नियम २००० सालच्या ३९६ क्रमांकाच्या राष्ट्रपती आदेशात आहे. त्यातली दोन कलमं शेजारी शेजारी आहेत आणि ती वेगळी वाचायला हवीत. कलम ३४ काय करायचं नाही ते सांगतं: हयात वडिलांचं किंवा हयात भावंडाचं नाव बाळाला द्यायचं नाही, आडनाव हे नाव म्हणून लावायचं नाही, हास्यास्पद किंवा लाजिरवाणं नाव ठेवायचं नाही. परदेशी नाव ठेवता येतं, पण ते इटालियन लिपीतल्या अक्षरांत लिहायचं. इटालियन मुळाक्षरं एकवीसच आहेत. जे, के, डब्ल्यू, एक्स आणि वाय या पाच पाहुण्या अक्षरांना कायद्याने मुद्दाम परवानगी दिली आहे. ज्यांचे आईबाप कोण हे माहीत नाही अशा बाळाला त्याची ती कहाणी उघडी पाडणारं नाव किंवा आडनाव लावता येत नाही. ही तरतूद किती गरजेची होती ते नेपल्सकडच्या 'एस्पोसितो' या आडनावावरून कळतं. 'उघड्यावर ठेवलेला', म्हणजे टाकून दिलेला, असा त्याचा मूळ अर्थ. टाकलेल्या मुलांच्या कपाळावर पिढ्यानपिढ्या हा शिक्का बसला.

कलम ३५ मात्र एका दमात दोन गोष्टी सांगतं: नाव मुलाच्या लिंगाशी जुळलं पाहिजे, आणि नावं तीनपेक्षा जास्त नकोत. तीनची मर्यादा समजते, नोंदवहीत रकाने असतात. पण 'जुळलं पाहिजे' म्हणजे कशाशी जुळलं पाहिजे? इटलीत मान्य नावांची सरकारी यादी नाही. डेन्मार्क आणि पोर्तुगालमध्ये तशा याद्या आहेत. त्या पटोत न पटोत, निदान वाचता तरी येतात. इटलीत निबंधकाने स्वतःच्या कानावर विसंबून ठरवायचं. चेलेस्ते आणि दियामांते ही नावं तिथे पुरुषांनाही असतात आणि बायकांनाही. मारिया हे तर बायकांचं सर्वांत ठळक नाव, पण पुरुषाला दुसरं नाव म्हणून ते सर्रास लावतात. मिलानचे आर्चबिशप कार्लो मारिया मार्तिनी आणि वाद्यवृंद-संचालक कार्लो मारिया जुलिनी यांच्या पुरुषपणाबद्दल कुणाला शंका आली नाही. परंपरेलाच जो नियम पाळता आला नाही, तो परंपरेच्या नावाने कुणावर लादायचा?

कागदोपत्री काय घडतं तेही पाहायला हवं, कारण इथे इटालियन कायद्याची एक चांगली बाजू दिसते. बाळ जन्मल्यावर दहा दिवसांच्या आत पालिकेत, किंवा तीन दिवसांच्या आत रुग्णालयातच, जन्माची घोषणा करायची असते. नाव त्याच वेळी सांगायचं. नाव नियमात बसत नाही असं निबंधकाला वाटलं तर तो आईबापांना तशी समज देतो. ते हटून बसले तर नाव नाकारायचा त्याला अधिकार नाही. त्याने नाव नोंदवून घ्यायचं, जन्माचा दाखला तयार करायचा आणि सरकारी वकिलाला कळवायचं. पुढे दुरुस्तीचा दावा न्यायालयात चालतो. बाळ अधांतरी राहत नाही, आणि खिडकीतला कारकून न्यायाधीश होत नाही. व्यवस्था शहाणी आहे. घोळ पुढे होतो. दावा खालच्या न्यायालयातून वर जाईपर्यंत मूल चालायला, बोलायला, नावाने हाक मारल्यावर वळून पाहायला लागलेलं असतं. मग न्यायालय म्हणतं, हे नाव तुझं नव्हे. लाजिरवाण्या नावाच्या बाबतीत ही किंमत मोजायला हरकत नाही. आंद्रेआसाठी ती का मोजायची?

२०१२ च्या निकालात न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. समाज आता एका देशाच्या चौकटीत बंद राहिलेला नाही, इतर देशांत आंद्रेआ हे मुलींचं नाव आहे, तेव्हा इटलीतही ते फक्त पुरुषांचं मानता येणार नाही. ते हास्यास्पद नाही, लाजिरवाणं नाही, आणि त्यामुळे मुलीच्या ओळखीत घोटाळाही होत नाही. निष्कर्ष बरोबर, पण वाट आडवळणाची. आंद्रेआ सुटली ती जर्मन, स्पॅनिश आणि इंग्रज बायकांच्या पुण्याईने. उद्या कुणी मुलीचं नाव लुका ठेवायचं म्हटलं तर? शेजारच्या देशांत पुरेशा बायका लुका आहेत का, हे मोजत बसायचं? एकेका नावाला एकेक खटला लागत असेल तर तो नियम नव्हे, ती सोडत झाली.

परदेशातल्या वापरावर विसंबणं दुसऱ्या टोकालाही नडतं. इटालियन सिमोने हा पुरुष, फ्रेंच सिमोन ही बाई, आणि रोमन लिपीत दोघांचं स्पेलिंग एकच. इटलीतला मिकेले पुरुष, पण त्याचं स्पेलिंग पाहून इंग्रजी वाचणारा त्याला मिशेल समजतो. इटलीतला गाब्रिएले पुरुष, जर्मनीत त्याच अक्षरांची गाब्रिएले बाई. परदेशी प्रवास करणाऱ्या सिमोनेला तिकिटावर 'मिस' चिकटणं हा नेहमीचाच प्रकार आहे. परदेशातल्या वापरावरूनच ठरवायचं तर या सगळ्या पुरुषांची नावंही कलम ३५ मध्ये अडकायला हवीत. ती अडकत नाहीत, कारण तिथे मात्र घरचा वापर पाहतात. एकाच कसोटीला दोन मापं.

नावांच्या या नियमांची वंशावळही तपासून घ्यावी. मुसोलिनीच्या काळातल्या १९३९ च्या नागरी नोंदणी आदेशात, कलम ७२ मध्ये, हास्यास्पद आणि लाजिरवाण्या नावांच्या बंदीबरोबर एकाच वाक्यात आणखी बंद्या होत्या. राष्ट्रीय भावनेला किंवा धर्मभावनेला धक्का देणारी नावं नकोत, गावाची किंवा प्रदेशाची नावं नकोत, आणि इटालियन नागरिकाच्या मुलाला परदेशी नाव नको. सीमेवरच्या स्लोव्हेन आणि जर्मन भाषक घरांना याचा चटका बसला. ज्या मुलाला घरी आंद्रेय किंवा आंद्रेआस म्हणून हाक मारायची, त्याला कागदावर आंद्रेआ व्हावं लागे. परदेशी नावांवरची बंदी १९६६ च्या कायद्याने उठली. बाळाच्या भल्यासाठी घातलेली बंदी आणि राष्ट्राच्या अभिमानासाठी घातलेली बंदी एकाच वाक्यात बसवली की दुसरी पहिलीच्या पदराखाली लपते, हे त्या मसुद्यात स्पष्ट दिसतं. तो कायदा प्रेषित आंद्रेआच्या गावी, बेथसैदात, लागू असता तर त्याचं नावच नोंदवता आलं नसतं.

आता नियमाच्या बाजूने जे बोललं जातं त्याकडे वळू. सर्वांत वजनदार मुद्दा ओळखीचा. नावावरून लिंग कळलं नाही तर दवाखान्यात, तुरुंगात, खेळाच्या यादीत घोळ होईल. वाचायला हा युक्तिवाद सरळ वाटतो, पण ज्याने इटलीचा एक जरी सरकारी फॉर्म भरला आहे त्याला तो टिकत नाही हे ठाऊक असतं. कारण तिथे प्रत्येकाला 'कोदिचे फिस्काले' असतो. १९७३ च्या आदेशाने आलेला हा सोळा खुणांचा कर-क्रमांक आज औषधाच्या चिठ्ठीपासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे लागतो. त्याची रचना अशी: आडनावातली तीन अक्षरं, नावातली तीन अक्षरं, जन्मसालाचे शेवटचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर, जन्मतारखेचे दोन अंक, जन्मस्थळाच्या चार खुणा, आणि शेवटी एक पडताळणी अक्षर. नावातून व्यंजनं घेतात. आंद्रेआत व्यंजनं तीनच, म्हणून तिथे एन, डी, आर येतं, मुलगा असो की मुलगी. फरक पडतो तारखेत. पुरुषाची तारीख जशीच्या तशी लिहितात, बाईच्या तारखेत चाळीस मिळवतात. १५ मार्चला जन्मलेल्या पुरुष आंद्रेआच्या क्रमांकात मार्चच्या 'सी' या अक्षरानंतर १५ येईल, बाईच्या क्रमांकात ५५. पुरुषांचे आकडे ०१ ते ३१, बायकांचे ४१ ते ७१. मध्ये गल्लत व्हायला जागाच नाही.

उलट गल्लत होते ती माणसाने नावावरून लिंगाचा अंदाज बांधला की. फॉर्म भरणाऱ्याने आंद्रेआ पाहून सवयीने पुरुषाच्या रकान्यात खूण केली की तारखेत चाळीस मिळत नाहीत. पडताळणी अक्षर आधीच्या पंधरा खुणांवरून काढलेलं असल्यामुळे तेही बदलतं, आणि कर खात्याच्या नोंदीशी तो क्रमांक जुळत नाही. इथे चूक त्या अंदाजाची आहे. नाव पाहून लिंग ओळखायची सवय लावणारा नियमच ही चूक पोसतो. जन्माच्या दाखल्यात लिंगाची नोंद वेगळी असतेच. ओळखीचं काम ज्या दोन खुणा पुरेसं करतात, त्यांच्या जोडीला नावाला हमाली कशाला?

इटलीला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या क्रमांकासाठी नावातली व्यंजनं घेताना पासपोर्टवरची सगळी नावं एकत्र जोडतात. तीनच व्यंजनं असतील तर तीच येतात. चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात. नुसतं किरण असेल तर के, आर, एन. पण पासपोर्टात नावाच्या रकान्यात 'किरण वसंत' असं वडिलांचं नावही बसलं असेल तर के, एन, व्ही. विद्यापीठाच्या अर्जात फक्त किरण आणि पासपोर्टात किरण वसंत असलं, की एकाच माणसाचे दोन क्रमांक निघू शकतात. बँक ज्या क्रमांकावर खातं उघडते तो करखात्याला ठाऊक नसतो, आणि मग हेलपाटे सुरू होतात. सगळीकडे पासपोर्टाबरहुकूम लिहायचं, हाच उपाय.

किरणचा विषय निघालाच आहे तर जर्मनीकडे पाहू. आंद्रेआच्या चार वर्षं आधी हाच वाद तिथे याच नावावरून झाला. भारताशी नातं असलेल्या एका घराने मुलीचं नाव किरण ठेवलं. निबंधक म्हणाला, यावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, तेव्हा लिंग स्पष्ट करणारं दुसरं नाव जोडा. तिथली रीतच तशी होती. ५ डिसेंबर २००८ रोजी जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने निकाल दिला की नावावरून लिंग कळलंच पाहिजे अशी सक्ती करता येणार नाही. आईबापांच्या नाव निवडण्याच्या हक्काला मर्यादा एकच, मुलाच्या हिताला बाधा पोचता कामा नये. कास्सात्स्योनेने चार वर्षांनी जी आडवाट धरली, तिच्यापेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ. किरण हे नाव भारतात बायकांना असतं की पुरुषांना, याचा हिशेब करायची वेळच येत नाही. विचारायचं एवढंच, की या नावाने या मुलीचं काही बिघडतं का?

आइसलँडमध्ये तर व्याकरणच न्यायालयात उभं राहिलं. वाऱ्याच्या मंद झुळकेसाठी असलेला तिथला शब्द पुल्लिंगी, म्हणून तो मुलीचं नाव म्हणून चालणार नाही असं नामसमितीचं म्हणणं होतं. २०१३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं, आणि २०१९ च्या कायद्याने नावांवरचं लिंगाचं बंधनच उठवलं. मराठीत वारा पुल्लिंगी आणि झुळूक स्त्रीलिंगी. ती समिती मराठी असती तर झुळकेला हरकत घेतली नसती, वाऱ्याला घेतली असती. नामसमितीचा पाया इतका भुसभुशीत असतो.

मग सरकारने नावात मुळीच पडू नये का? पडावं, आणि आपल्याकडेच त्याचं कारण आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिचं नाव 'नकुसा' किंवा 'नकोशी' ठेवायची रीत महाराष्ट्राच्या काही भागांत होती. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलण्यात आली. त्या नावात व्याकरणाची चूक नव्हती. ते स्त्रीलिंगी होतं, मुलीच्या लिंगाशी अगदी चोख जुळत होतं. इटलीच्या कलम ३५ ला त्यात काहीही खटकलं नसतं. खटकलं असतं ते कलम ३४ ला, आणि संरक्षणाची गरज होती ती तिथेच. आंद्रेआला अडवणारी आणि नकुसाला बिनदिक्कत जाऊ देणारी चाळणी कसल्या कामाची?

हानीच्या कसोटीतही अडचणी आहेत हे मान्य केलं पाहिजे. २००७ मध्ये जेनोव्हाच्या न्यायालयात 'वेनेर्दी', म्हणजे शुक्रवार, हे एका मुलाचं नाव गेलं. न्यायालयाला त्यात एका जुन्या इंग्रजी कादंबरीतला नोकर दिसला, कमीपणा दिसला, आणि नाव बदलायला लावलं. पालघर-ठाण्याच्या वारली आणि ठाकर पाड्यांवर सोमा, मंगळी, बुध्या ही नावं ज्या वारी जन्म झाला त्या वारावरून पडतात, आणि त्यात हसण्यासारखं तिथे कुणाला काही वाटत नाही. मुलं जगत नाहीत म्हणून नजर लागू नये यासाठी दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवणाऱ्या आईबापांना मुलाची लाज वाटत होती असं म्हणायची हिंमत कोण करेल? हास्यास्पद काय हे ठरवणाऱ्या खुर्चीत कोण बसलंय त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणूनच ही कसोटी लावताना न्यायालयाने मुलाच्या आसपासच्या समाजाकडे पाहावं, स्वतःच्या वाचनाकडे नव्हे. कसोटी अवघड आहे, पण निदान योग्य प्रश्न तरी विचारते. लिंगाशी जुळण्याची कसोटी प्रश्नच चुकीचा विचारते.

परंपरा बुडेल, ही आणखी एक भीती. दक्षिण इटलीत थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत आहे. त्यामुळे एका घरातल्या चार चुलतभावांची नावं आंद्रेआच असू शकतात. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव मिळायचं, फक्त सुनेला ते तोंडाने घेता येत नसे म्हणून घरात वेगळंच टोपणनाव चालायचं. अशा रीती घराघरांत जगतात, कायद्याच्या कलमात नव्हे. मुलीला आंद्रेआ नाव देता यायला लागून एक तप उलटून गेलं, मुलग्यांची ते नाव घ्यायची हौस काही सरली नाही. उलट आंद्रेआ नावाचे आजोबा असलेल्या घरात नात जन्मली तर तिला तेच नाव देऊन परंपरा पुढे नेता येते, हे रक्षणकर्त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

कलम ३५ मधून लिंगाची अट काढली तर नोंदणीच्या कामात व्यवहारात काय बदलेल? जवळजवळ काही नाही. निबंधकाच्या माथ्यावरचं एक ओझं उतरेल. नावांची कमाल संख्या तीनच राहील, कलम ३४ तसंच राहील, सरकारी वकिलाला कळवायची वाट तशीच राहील. इटलीत बाळ जन्मलेल्या मराठी घराची एक अडचण मात्र कायम राहील. बारसं बाराव्या दिवशी आणि कायद्याची मुदत दहाव्या, म्हणजे आत्याने कानात नाव सांगायच्या आधीच ते पालिकेच्या वहीत गेलेलं असतं. भारतात जन्माची नोंद नावाशिवाय होऊ शकते आणि नाव पुढे घालता येतं, ही सवलत तिथे नाही. मुदत उलटली तरी घोषणा स्वीकारतात, पण उशिराचं कारण द्यावं लागतं आणि सरकारी वकिलाला तेही कळवलं जातं.

राहिला तो दुसऱ्या नावाचा जुना तोडगा: मुलीला आंद्रेआ म्हणायचंच असेल तर जोडीला जूलियासारखं निःसंदिग्ध नाव लावा, म्हणजे नियमही पाळला जाईल आणि हौसही भागेल. वरवर समजूतदार वाटणाऱ्या या तोडग्याला आता एक स्वल्पविराम पुरतो. सध्याच्या नियमाप्रमाणे दोन नावं स्वल्पविरामाने वेगळी केली असतील तर दाखल्यांवर आणि उताऱ्यांवर फक्त पहिलं येतं. स्वल्पविराम नसेल तर दोन्ही येतात, आणि मग जन्मभर प्रत्येक सहीत ती दोन्ही लिहावी लागतात. म्हणजे 'आंद्रेआ स्वल्पविराम जूलिया' अशी नोंद केली की मूळ वहीत जूलिया निबंधकाच्या समाधानासाठी बसून राहते, आणि मुलीच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक कागदावर नुसतं आंद्रेआ असतं.